अंगणातली फुलझाडं आणि उन्हाळ्यातल्या दोन बादल्या

एप्रिलचा तिसरा आठवडा आला की आमच्या घरच्या बोअरचं पाणी कमी व्हायला लागतं. पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्या-भांड्याचं पाणी बाजूला काढलं की अंगणातल्या फुलझाडांच्या वाट्याला रोज दोन बादल्या उरतात. त्यातली एक बहुतेक वेळा तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्याची असते. म्हणजे सगळं मिळून तीस लिटर. बाग तशी लहानच आहे. मोगऱ्याची तीन झुडपं, एक जास्वंद, एक कण्हेर, पांढरा चाफा, फाटकावर बोगनवेल, भिंतीकडेला सदाफुली, कुंड्यांमध्ये शेवंती आणि दोन गुलाब, एका कोपऱ्यात निशिगंध आणि गुलबक्षी. झेंडू या दिवसांत दिसत नाही. तो कपाटात, कागदाच्या पुडीत बियांच्या रूपात असतो.

पहिली काही वर्षं आम्ही हे पाणी सगळ्यांना सारखं वाटत होतो. सारखं वाटणं न्यायाचं वाटे. परिणाम मात्र विचित्र झाला. मोगऱ्याच्या कळ्या न उमलताच सुकून गळल्या. शेवंती मे महिन्यात गेली. आणि चाफ्याचं खोड बुडाशी मऊ पडून कुजलं. ‘पाणी पुरलं नाही’ असं आम्ही म्हणत होतो. पण चाफा तर पाणी जास्त झालं म्हणून मेला होता! एकाच अंगणात, एकाच उन्हाळ्यात, तेवढ्याच पाण्यात एक झाड तहानेने मरतं आणि दुसरं कुजून मरतं, हे कसं?

उत्तर शोधताना आम्ही बागकामाच्या पुस्तकांकडून हळूहळू इतिहासाकडे गेलो. हे झाड मूळचं कुठलं, तिथे पाऊस कधी पडतो, कोरडा काळ किती महिन्यांचा असतो, आणि तो काळ हे झाड कसं काढतं, हे कळलं की दोन बादल्यांची वाटणी बरीचशी आपोआप ठरते. झाडाचा इतिहास म्हणजे त्याची पाण्याची सवय. हेच या लेखात थोडं तपशिलाने पाहू.

आपला उन्हाळा

आधी आपली जागा समजून घेऊ. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण ही सरासरी फसवी आहे, कारण एखाद्या वर्षी तो निम्म्यावर येतो. पश्चिमेकडे परांडा-भूमच्या बाजूला तो आणखी कमी असतो. जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमधला. त्यानंतर सात-आठ महिने झाडाने जमिनीतल्या ओलीवर किंवा आपण दिलेल्या पाण्यावर काढायचे असतात. जमीन बेसाल्टची. कुठे मुरूम, कुठे काळी माती. काळी माती पाणी चांगलं धरते. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, भेगांमधून खालची ओलही उडून जाते आणि बारीक मुळं तुटतात.

एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा अगदी कोरडी असते. मात्र हा उन्हाळा एकसारखा नसतो. चार दिवस आग ओकणारं ऊन, मग एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं, धुळीचं वादळ सुटतं आणि वळवाचा पाऊस येतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. त्याच वेळी समुद्राकडून दमट हवा आलेली असेल तर वर जाता जाता तिच्यातली वाफ गोठते-थिजते आणि तासा-दोन तासांत उंच ढग उभा राहतो. त्याच ढगातून थंड झालेली जड हवा खाली कोसळते. पावसाआधीचा सोसाट्याचा वारा तो हाच. कधी गाराही पडतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. वळवाच्या दुसऱ्या दिवशी हवा दमट, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन. झाडाला या उलटापालटीचाच जास्त त्रास होतो.

आणखी एक गोष्ट आकाशातली. धाराशिव साधारण १८.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे १२-१३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मार्चमध्ये घराच्या उत्तर भिंतीलगत सावलीत ठेवलेल्या कुंड्या मेच्या मध्यानंतर दुपारच्या उन्हात सापडतात, हे आम्हाला पहिल्या वर्षी समजलंच नव्हतं. कुंडी हलली नव्हती, सूर्य हलला होता.

तेरच्या काळात तोरण कशाचं होतं?

आता इतिहासाकडे वळू. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत ‘तगर’ नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जातं, असं तो लिहितो. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये मांडलं. तिथल्या उत्खननांत रोमन व्यापाराच्या खुणा मिळाल्या. त्या आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहता येतात.

अशी कल्पना करा की त्या काळातल्या तेरमधल्या एखाद्या घराच्या दाराला सणाचं तोरण बांधायचं आहे. काय मिळेल? आंब्याची पानं मिळतील. सोनचाफा, जाई, कण्हेर, कमळ मिळेल. सातवाहन काळातल्या ‘गाथासप्तशती’त मालती, कमळ, पळस अशा फुलांचे उल्लेख येतात. पण झेंडू मिळणार नाही. निशिगंध, गुलबक्षी, पांढरा चाफा, बोगनवेल यांपैकी काहीही मिळणार नाही. आज नवरात्रात तुळजापूरला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग दिसतात. देवीच्या पूजेत, दाराच्या तोरणात, दसऱ्याला वाहनांच्या हारात जो झेंडू आपल्याला अनादी काळापासूनचा वाटतो, तो मेक्सिकोचा आहे. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला त्याआधी तो आपल्याकडे असणं शक्य नव्हतं.

स्पॅनिशांनी १५२१ मध्ये मेक्सिको जिंकलं. त्याआधी १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं होतं. १५६५ पासून मेक्सिकोचं अकापुल्को बंदर आणि फिलिपिन्समधलं मनिला यांच्या दरम्यान स्पॅनिश जहाजांची नियमित ये-जा सुरू झाली. अशा दोन्ही दिशांनी अमेरिकेतल्या वनस्पतींना आशियाची वाट खुली झाली. मिरची, मका, पेरू, सीताफळ आले, तशी फुलंही आली. बंदरातून पठारावर यायला वाटा होत्याच. गोव्यात राहून १५६३ मध्ये औषधी वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही उपचारासाठी जात असे. पुढे १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ आपल्या जिल्ह्यातल्या परांड्याला होती. समुद्र आणि पठार आपल्याला वाटतात तितके दूर नव्हते.

नव्या झाडांना लोकांनी जुनी नावं देऊन घरचं करून घेतलं. अमेरिकेतून आलेल्या झाडाला ‘चाफा’ हे नाव मिळालं, ते आपल्या सोनचाफ्यावरून. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचा काही संबंध नाही. ‘गुलाब’, ‘बाग’, ‘बगीचा’ हे शब्द फारसीतून आले. गुलाब म्हणजे मुळात ‘फुलाचं पाणी’. आपल्या जिल्ह्याचंच पाहा ना. हैदराबादच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून तो उस्मानाबाद झाला होता. २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत आलं. नावांवरून माणसांचा इतिहास कळतो. झाडाच्या सवयी मात्र नावाबरोबर बदलत नाहीत. त्या शोधायला झाडाच्या गावी जावं लागतं.

प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाचा उन्हाळा

मध्य मेक्सिकोतला पाऊस साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडतो. हिवाळा आणि वसंत कोरडे जातात. मेक्सिको शहर १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्याहून जेमतेम एक अंशाने वर. पावसाचा हंगाम जवळपास तोच, दिवस लहान-मोठे होण्याचा क्रम तोच. झेंडू तिथे पावसात वाढतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलांनी भरतो. मेक्सिकोतले लोक १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृत आप्तांच्या स्मरणाचा सण करतात आणि त्या दिवशी झेंडूच्या फुलांनी घरं सजवतात. आपल्याकडे त्याच सुमारास दसरा-दिवाळी असते. झेंडू आपल्या सणांना इतका चपखल बसला, कारण त्याला सवय बदलावीच लागली नाही. मग उन्हाळ्यात झेंडूने काय करायचं? त्याच्या गावी कोरड्या दिवसांत तो जे करतो तेच: बी होऊन थांबायचं. दसऱ्याच्या तोरणातली सुकलेली फुलं आम्ही जपून ठेवतो. मे महिन्यात झेंडू जगवायला पाणी घालणं म्हणजे झोपलेल्याला उठवून जेवायला वाढण्यासारखं आहे.

पांढरा चाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या पानझडी रानांतला. कोरडा काळ आला की तो पानं गाळतो. जाड, चिकाळ फांद्यांमध्ये त्याच्याकडे पाण्याचा साठा असतो. पानं नसताना बाष्पीभवन थोडंच होतं, म्हणून मुळंही कमी पाणी ओढतात. अशा झाडाच्या बुडाशी रोज तांब्याभर पाणी ओतलं तर ते मातीतच साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. आमचा चाफा याच कारणाने गेला. निष्पर्ण चाफा मेलेला नसतो, विश्रांती घेत असतो. बऱ्याचदा त्या उघड्या फांद्यांच्या टोकालाच फुलं येतात.

निशिगंधही मेक्सिकोचा. जमिनीखालच्या कंदात तो अन्न आणि पाणी साठवतो. गुलबक्षी अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिच्या मुळाचा जाड गड्डा होतो. वरचा पाला सुकला तरी खाली जीव असतो. याच गुलबक्षीच्या ठिपकेदार पानांवर प्रयोग करून जर्मनीतल्या कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवून दिलं, की काही गुण केवळ आईच्या पेशीद्रवातून पुढे जातात. इतकं साधं झाड, पण आनुवंशशास्त्राच्या इतिहासात त्याची जागा आहे.

बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. बोगनव्हिल या फ्रेंच नाविकाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत १७६७ मध्ये कोमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती रिओ द जानेरोजवळ दिसली. त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून झान बारे ही स्त्री पुरुषवेशात प्रवास करत होती. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. बोगनवेलीला पाणी कमी पडलं की पानं कमी आणि रंग जास्त. (तो रंग फुलांचा नसून फुलांभोवतीच्या पानांसारख्या छदांचा असतो.) भरपूर पाणी द्या, नुसता हिरवा पसारा वाढतो.

सदाफुली मादागास्कर बेटातली. अठराव्या शतकात ती फ्रान्स-इंग्लंडच्या बागांमध्ये पोचली आणि तिथून जगभर पसरली. तिच्या पानांतून कॅनडातल्या नोबल आणि बीअर यांनी १९५८ मध्ये कर्करोगावर उपयोगी पडणारं एक द्रव्य वेगळं केल्याचं जाहीर केलं. उन्हात, मुरमाड जागेत, भिंतीच्या फटीतही ती तग धरते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, परदेशी झाडं काटक आणि देशी नाजूक, असं म्हणायचं आहे का? किंवा उलट, देशीच लावावी? दोन्ही नाही. कण्हेर भूमध्य समुद्रापासून आपल्यापर्यंतच्या कोरड्या टापूतली, फार जुन्या काळापासून आपल्याकडे असलेली. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, त्यांत केस असतात आणि पर्णरंध्रं त्या खळग्यांच्या आत लपलेली असतात. वारा थेट लागत नाही, म्हणून पाणी कमी उडतं. ती काटक आहे. मोगराही आपल्या उपखंडातलाच. पूर्व हिमालयाच्या पायथ्याचा दमट भाग त्याचं मूळ घर मानला जातो. पण तो ऐन उन्हाळ्यात फुलतो, आणि फुलायचं तर पाणी हवंच. आमच्या अंगणातलं सगळ्यात तहानलेलं झाड हे असं घरचंच आहे. जास्वंदीचीही तीच गत. तिची रुंद, पातळ पानं भरपूर पाणी उडवतात. पाणी चुकलं की कळ्या गळतात आणि कोरड्या उष्ण दिवसांत पिठ्या ढेकूण चढतो.

शेवंती चीनमधली, तिथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिची लागवड होते आहे. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की तिला फुलं येतात. फुलण्याचा हा दिवसमानाशी असलेला संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला. म्हणून उन्हाळ्यात शेवंतीकडून फुलांची अपेक्षा नसते. काम एकच: मातृझाड सावलीत कसंबसं जगवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या फुटव्यांपासून नवी रोपं करायची.

तेव्हा प्रश्न देशी-परदेशीचा नाही. झाड कोरडे महिने झोपून काढतं, पाणी राखून काढतं, की जागं राहून पाणी मागतं, एवढाच आहे.

न ठरवता झालेला प्रयोग

ही मांडणी खरी ठरली ती एका वाईट वर्षी. २०१२-१३ च्या दुष्काळातून जिल्हा सावरतो न सावरतो तोच २०१५ चा पाऊसही फसला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माणसांना आणि जनावरांना टँकरची वाट पाहावी लागत असताना फुलझाडांना चांगलं पाणी घालणं आम्हाला पटेना. आम्ही ते थांबवलं. भांडी विसळलेलं जे पाणी उरे, ते फक्त मोगऱ्याच्या एका झुडपाला द्यायचं ठरवलं.

जूनमध्ये पाऊस झाला तेव्हा हिशेब समोर आला. दुसरा लावलेला चाफा, कण्हेर आणि बोगनवेल उभे होते. गुलबक्षी आणि निशिगंध मेले असं आम्ही धरून चाललो होतो, ते मातीतून वर आले. सदाफुलीची जुनी झुडपं वाळली होती. पण त्यांच्या पडलेल्या बियांतून रोपं उगवली. मोगऱ्याचं पाणी दिलेलं झुडूप वाचलं, बाकी दोन गेली. शेवंती, गुलाब आणि जास्वंद गेले. यादी डोळ्यांखालून घातली तर प्रत्येकाने आपल्या मूळ गावच्या सवयीप्रमाणेच वागून दाखवलं होतं.

पाणी मोजणारा पाद्री

सवय कळली, पण प्रमाण? एखादं झाड दिवसाला किती पाणी उडवतं हे कसं शोधायचं? हा प्रश्न लंडनजवळच्या टेडिंग्टन गावातल्या स्टीफन हेल्स या पाद्र्याला तीनशे वर्षांपूर्वी पडला. १७२४ च्या उन्हाळ्यात त्याने कुंडीत वाढलेलं साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल घेतलं. मातीतून पाणी उडू नये म्हणून कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळ कुंडीचं वजन केलं. बारा तासांच्या दिवसात सरासरी वीस औंस, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या थोडं वर पाणी त्या एका झाडाने उडवलं होतं. कोरड्या, उबदार दिवशी जास्त, दमट दिवशी कमी, रात्री फारच थोडं. १७२७ मध्ये त्याने हे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. उपकरण काय, तर तराजू!

हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. शिशाच्या पत्र्याऐवजी प्लास्टिकचा कागद चालेल. सारख्या आकाराच्या तीन कुंड्या घ्या: एक जास्वंदीची, एक सदाफुलीची आणि तिसरी नुसत्या ओल्या मातीची. पहिल्या दोन्हींची तोंडं बंद करा, तिसरी उघडी ठेवा. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ वजन करा आणि शेजारी त्या दिवशीचं हवामान लिहा: ऊन, ढग, वारा, वळीव. चौथी कुंडी ओल्या मातीचीच, पण वरून दोन बोटं जाड पाल्यापाचोळ्याने झाकलेली ठेवली तर आणखी चांगलं. तिसऱ्या आणि चौथ्या कुंडीतला फरक पाहून मुलांना आच्छादनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. आम्ही आता उसाचं पाचट सगळ्या आळ्यांत अंथरतो.

कुंभाराचं मडकं

चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंगझी याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात खरबुजासारख्या वेलांसाठी पाणी देण्याची एक रीत आहे. झिलई नसलेलं मातीचं भांडं तोंडापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्याने भरून वर झाकण ठेवायचं आणि भोवती चार बिया लावायच्या. मडक्याच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतं आणि थेट मुळांना मिळतं. वरची माती कोरडी राहते, म्हणून पाणी वाया जात नाही.

बदलत्या हवेच्या उन्हाळ्यासाठी यात एक खास सोय आहे. भोवतीची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते आणि झिरपणं वाढतं. वळीव पडून माती ओली झाली की ओढ कमी होते आणि झिरपणंही जवळजवळ थांबतं. आज ऊन, उद्या पाऊस, परवा पुन्हा ऊन असं असताना आपण अंदाज चुकतो, मडकं चुकत नाही. ही युक्ती आपल्या मुलखात परकी वाटायचं कारण नाही. संत गोरा कुंभार तेरचेच. मातीचं मडकं पाणी पाझरतं हे आपल्या घराघरांत माठामुळे ठाऊक आहे. आम्ही मोगऱ्याच्या झुडपांजवळ एकेक मडकं पुरलं. रोज संध्याकाळी ते भरलं की झालं. मडकं बाहेरून रंगवलेलं नको, आणि झाकण मात्र हवं, नाहीतर डास होतात.

वळीव आल्यावर

पहिल्या सरीनंतर मातीचा वास येतो आणि हात शिवशिवतात. पण वळवावर बी टाकू नये, ही शेतकऱ्याची शहाणीव बागेलाही लागू आहे. वरची इंचभर माती ओली झालेली असते, खाली कोरड असते. बी उगवतं आणि आठ दिवसांत करपतं. झेंडूचं बी आम्ही मृगाचा पाऊस नीट लागल्यावरच टाकतो.

वळवानंतर कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी ओतून द्यावं. गुलाबाची खालची डागाळलेली पानं काढून टाकावीत, कारण दमट हवेत बुरशी पसरते. चार बांबू रोवून त्यांवर जुनी साडी दुहेरी करून ताणली, तर दुपारचं ऊन अडतं आणि लहान गारांचा मारही कमी बसतो. साडी थोडी उतरती बांधावी, नाहीतर पाण्याने पोट धरून फाटते.

‘दुपारी पानांवर पाणी पडलं तर थेंबांची भिंगं होऊन पानं जळतात’ असं आपण नेहमी ऐकतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे भाजल्याच्या खुणा होत नाहीत, असं त्यांना दिसलं. दाट केसांवर थेंब तोलून राहतात अशा पानांबाबत मात्र ही शक्यता राहते. तरीही पाणी पहाटे किंवा संध्याकाळीच द्यावं, पण त्याचं कारण भिंग नव्हे, बाष्पीभवन. दुपारी दिलेल्या पाण्यातला बराच भाग मुळांपर्यंत पोचण्याआधीच उडून जातो.

आजची वाटणी

आता आमच्या दोन बादल्या अशा वाटल्या जातात. मोगऱ्याच्या तीन झुडपांना बारा लिटर, मडक्यातून. जास्वंदीला पाच. दोन गुलाबांना चार, आणि मेमध्ये त्यांच्या कळ्या खुडायच्या, कारण त्या वेळी झाड वाचवायचं असतं. सावलीतल्या शेवंतीला तीन, सदाफुलीला एक. हे पंचवीस लिटर झाले. उरलेले पाच रोज आळीपाळीने कण्हेर, बोगनवेल आणि चाफ्याकडे जातात. चाफ्याची पाळी पंधरा दिवसांनी येते. निशिगंध आणि गुलबक्षीच्या कोपऱ्यावर फक्त पाचटाचं पांघरूण असतं. ज्या वर्षी दोन बादल्यांची एक होईल, त्या वर्षी आधी गुलाब, मग जास्वंद सोडायची, हेही ठरलेलं आहे. वाईट वाटतं, पण निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

शाळेच्या आवारातही हे करून पाहण्यासारखं आहे. आवारातल्या प्रत्येक फुलझाडाचं मूळ गाव, तिथला पावसाचा हंगाम आणि झाडाची उन्हाळ्यातली वागणूक असा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. गुलबक्षी किती वाजता उमलते ते ऊन असलेल्या आणि ढगाळ दिवशी मुलांनी नोंदवावं. भूगोलाचा नकाशा, इतिहासातले सागरी मार्ग आणि विज्ञानातलं बाष्पोत्सर्जन हे तीन वेगळे तास एका झाडापाशी एकत्र येतात. आणि सुट्टी लागण्याआधी मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: मे महिन्यात शाळेच्या बागेसाठी रोज एकच बादली पाणी असेल, तर ती कोणाकोणाला द्यायची, आणि का?